अडलेलं लिहून ठेवा, मॅडम

पत्राचा गोषवारा

तालुक्याच्या गावी, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या एका वाचक शिक्षिकेचं पत्र आहे. वय ३९, शिक्षण मराठी माध्यमातून. दोन वर्षांपासून त्या क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. मागच्या हिवाळ्यात अकरावीच्या मुलांना घेऊन त्यांनी गावातल्या ६४ विहिरींची नोंद केली, नकाशा केला आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलाही. शिकताना इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकेचा आधार झाला, पण काही ठिकाणी ती नेमकी गरजेच्या वेळी गप्प बसली. तेव्हापासून त्यांच्या मनात आहे की या पुस्तिकेच्या लेखनाला आपणही हातभार लावावा. जमलं तर सगळी पुस्तिकाच मराठीत आणावी. पण प्रोग्रॅमिंग येत नाही. इंग्रजी 'कामचलाऊ'. यजमान म्हणतात, 'लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कुणी सांगितलंय?' स्टाफरूममधले सहकारी म्हणतात, आता असलं सगळं एआय लिहितं. शिवाय त्यांनी एका छोट्या प्लगइनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायच्या सोयीच्या, माहितीपानात सुधारणा करून पाठवली होती. पाच आठवडे कुणी दखल घेतली नाही, आणि मग आलं ते एका ओळीचं उत्तर: 'कृपया वेगवेगळं करून पाठवा.' त्या विचारतात, 'आधी प्रोग्रॅमिंग शिकू, की हा नाद सोडू?'

उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. तुम्ही लिहिता, '(शेपफाइलमध्ये साठवल्यावर "विहीर" या रकान्याचं नाव अर्धवट झालं, "पाण्याची पातळी" आणि "पाण्याचा वापर" यांतला फरकच कळेना. माझंच काही चुकलं असेल.)'

तुमचं काही चुकलं नव्हतं. शेपफाइल हा नकाशाची माहिती साठवायच्या फाइलचा जुना प्रकार. त्यातला तक्ता तर त्याहूनही जुन्या डीबेस पद्धतीच्या फाइलमध्ये राहतो, आणि तिथे रकान्याच्या नावाला दहा बाइटचीच जागा असते (बाइट हे संगणकाच्या साठवणीचं माप). रोमन अक्षर एका बाइटमध्ये बसतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'विहीर' म्हणजे पाच चिन्हं, पंधरा बाइट. जागा दहाची, म्हणजे धड तीनच चिन्हं मावणार. इंग्रजीतला 'पॉप्युलेशन' हा शब्द रोमनमध्ये बरोबर दहा अक्षरांचा आहे. मापाने शिवल्यासारखा बसतो. आता मला सांगा, ही अडचण पुस्तिका लिहिणाऱ्या युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या माणसाला कधी सुचेल? त्याला दहा अक्षरांची मर्यादा माहीत असते. तीन चिन्हांची मर्यादा माहीत असायला माणसाच्या तक्त्यात 'विहीर' हा शब्द असावा लागतो.

उपाय तुम्हाला पुढे सापडलाच असेल: शेपफाइलऐवजी जिओपॅकेज या नव्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवायचं. क्यूजीआयएसची तिसरी मालिका २०१८ मध्ये आली तेव्हापासून नव्या फाइलसाठी तेच आधी सुचवलं जातं. पण तालुक्याच्या कचेरीतून 'शेपफाइलच पाठवा' म्हणतात, हेही तुम्ही लिहिलंय. म्हणजे प्रश्न जिवंत आहे आणि लिहिण्याजोगा आहे.

आता तुमच्या मूळ शंकेकडे. 'मला पुरतं येत नाही, मग मी पुस्तिकेत काय लिहिणार?' हे तुम्ही चार वेगवेगळ्या शब्दांत विचारलं आहे. या प्रश्नामागे एक समजूत आहे: पुस्तिका लिहायची ती ज्याला सगळं येतं त्याने. मी पुण्यात वीस वर्षं सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहून पोट भरते आहे, आणि माझी सगळ्यात वाईट चूक सगळं येत होतं तेव्हाच झाली. एका पुस्तिकेत सेटिंग बदलल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायची पायरी मी लिहिलीच नाही. माझा हात ते आपोआप करायचा, त्यामुळे ती पायरी आहे हेच मी विसरले होते. पलीकडे एक माणूस दिवसभर 'सेव्ह' दाबत बसला. आपली आजी लोणच्याची कृती सांगताना 'मीठ अंदाजाने' म्हणते ना, तसंच.

तुम्ही कुठे अडलात ते तुम्हाला आज आठवतंय, हे तुमचं भांडवल. आणि ते नाशवंत आहे. वर्षभराने तुमचाही हात आपोआप चालेल आणि तुम्हीही 'अंदाजाने' लिहायला लागाल. म्हणून 'आधी प्रोग्रॅमिंग शिकू का' याला माझं उत्तर नाही असं आहे. शिकायची हौस असेल तर जरूर शिका, पण या कामाची पूर्वअट म्हणून शिकू नका. ते शिकेपर्यंत हे भांडवल आटलेलं असेल.

पत्रातला दुसरा प्रसंग बघा. '५०० मीटरचा बफर काढायला गेले तर सगळं जग झाकलं गेलं, मुलं खो-खो हसली.' बफर म्हणजे बिंदूभोवती ठरावीक अंतराचा घेर. ही चूक जगभर रोज कुणीतरी करतं. मोबाइलवरून आलेले बिंदू अक्षांश-रेखांशांत होते, म्हणजे अंशांत. तुम्ही ५०० लिहिलं, सॉफ्टवेअरने ५०० अंश समजून घेतलं. आधी बिंदू मीटर मोजणाऱ्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) न्यायला हवे होते. तिथे तुम्ही दुसऱ्यांदा फसलात: थराचं (नकाशातल्या एका प्रकारच्या माहितीच्या संचाचं) प्रक्षेपण 'नेमून' दिलंत, बदललं नाहीत. नेमून देणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं, आतली डाळ तीच राहते. खरं रूपांतर करायला थर नव्या प्रक्षेपणात निर्यात करावा लागतो. पुस्तिकेत या दोन्ही गोष्टी आहेत, पण वेगवेगळ्या पानांवर, आणि दोन्ही वाचूनही माणूस फसतो. तुम्ही मात्र ते वर्गात फळ्यावर समजावलंत, शिवाय सातारा यूटीएम या प्रक्षेपणाच्या ४३व्या पट्ट्यात आणि नागपूर ४४व्या, कारण सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे, हेही मुलांना दाखवलंत. हे लिहायला कोणती प्रोग्रॅमिंगची भाषा लागते?

जे लागतं ते सांगते. क्यूजीआयएसची पुस्तिका साध्या मजकुराच्या फाइलींत असते. मथळ्याखाली रेघ, ठळक शब्दाला दोन्ही बाजूंनी तारे, अशा खुणा. त्या फाइली गिटहब या संकेतस्थळावर प्रोग्रामपासून वेगळ्या ठेवलेल्या आहेत, त्यामुळे तुमच्या हातून सॉफ्टवेअर बिघडेल ही भीती सोडा. तुम्ही तुमच्या प्रतीत बदल करता आणि 'हा घ्याल का?' म्हणून पाठवता. त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. कुणीतरी तपासतो, सुचवतो, मग घेतो. एका रविवारी जमण्यासारखं आहे. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे 'इश्यू', तक्रारवहीतली नोंद. अमुक पानावर अमुक गोष्ट सांगितलेली नाही, मी हे केलं, असं झालं. एवढंही योगदानच असतं. आणि कामाची यादी कुणाला विचारायला नको: विकासकाने नवी सोय जोडून 'हिची माहिती लिहायची आहे' अशी खूण केली की पुस्तिकेच्या तक्रारवहीत आपोआप नोंद पडते. अशा नोंदी साचत राहतात. लिहिणारे कमी पडतात.

ते फक्त तिथलंच दुखणं नाही. गिटहबने २०१७ साली मुक्त सॉफ्टवेअरमधल्या लोकांचं सर्वेक्षण केलं, त्यात ९३ टक्के लोकांनी अपुरी किंवा शिळी डॉक्युमेंटेशन (अशा पुस्तिका, माहितीपानं) ही अडचण असल्याचं सांगितलं, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की आम्ही स्वतः ती क्वचितच लिहितो किंवा कधीच लिहीत नाही. सगळ्यांना हवी, लिहायची कुणालाच नाही. वरातीमागून घोडं, तेही कुणी हाकत नाही.

त्याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट होती, ती तुमच्या इंग्रजीसाठी. सुमारे चौथा हिस्सा लोकांचं इंग्रजी लेखन-वाचन त्यांच्याच मते 'फार चांगलं' नव्हतं. तुमचा बदल तपासणारा माणूस फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज बोलत मोठा झालेला असू शकतो. पुस्तिकेच्या इंग्रजीला अलंकार लागतात कुठे? हे उघडा, ते निवडा, अमुक दिसेल, न दिसल्यास तमुक करा. लहान, सरळ वाक्यं. ती जितकी साधी तितकी पुढे दुसऱ्या भाषांत नेणाऱ्यांची सोय. व्याकरणाची चूक तपासणारा दुरुस्त करील. बफरने जग झाकल्यावर शिकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, ते तो तुमच्याशिवाय कुठून आणील?

इथे थोडं विषयांतर करते, कारण तुम्ही भूगोलाच्या आहात आणि तुम्हाला आवडेल. क्यूजीआयएस २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलं, ते राहायचे अलास्कात. वापर-पुस्तिकेसोबत जो सरावाचा नमुना-डेटा मिळायचा तो अलास्काचा. प्रशिक्षण-पुस्तिका उघडा, तिथे दक्षिण आफ्रिकेतल्या स्वेलेंडॅम गावाचे रस्ते आणि शेतं. आणि नवशिक्यांसाठी जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याच्या तंत्राची, सौम्य ओळख करून देणारी जी छोटी पुस्तिका आहे, तिला दक्षिण आफ्रिकेतल्याच ईस्टर्न केप प्रांतात सरकारी पाठबळ मिळालं होतं. त्या पुस्तिकेत मला फार आवडलेली जागा म्हणजे प्रकरणांच्या शेवटी येणारी सूचना: संगणक उपलब्ध नसेल तर काय करावं. ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि पारदर्शक कागद घ्या, एकावर एक ठेवा, थर म्हणजे काय ते कळेल. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत 'संगणक नसेल तर' असं वाक्य! ज्याने वर्ग पाहिलाय तोच हे लिहू शकतो. तुम्ही १:५०,००० च्या टोपोशीटवर (स्थलदर्शक नकाशावर) ट्रेसिंग पेपर ठेवून मुलांकडून ओढे गिरवून घेता, तीच ही युक्ती. पुस्तिकांमध्ये लिहिणाऱ्यांचे गाव उतरलेले असतात. एखाद्या पानात तुमच्या ६४ विहिरी आल्या तर ती परंपरेला धरूनच गोष्ट होईल.

आता यजमानांचं म्हणणं. ते मला सरसकट खोडून काढायचं नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांतल्या काहींच्या घरी स्वतःच्या भाकऱ्या करपलेल्याही पाहिल्या आहेत. तेव्हा विचारून घ्यावं की हे लष्कर कुणाचं. एखादी कंपनी आपलं उत्पादन 'मुक्त' म्हणून देते, त्यावर पैसे कमावते, आणि पगारी लेखक ठेवायच्या ऐवजी 'समुदाया'ला हाक मारते. तिथे मी दहादा विचार करीन. क्यूजीआयएसच्या मागे स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली संस्था आहे, ती देणग्या आणि प्रायोजकांवर चालते. तुम्ही जे लिहाल ते खुल्या परवान्याखाली जाईल. याचा अर्थ तुमच्या वर्गातली मुलं ते बेलाशक झेरॉक्स करतील, आणि कुणी क्लासवाला परवान्याच्या अटी पाळून ते छापून विकेल, तरी तुम्हाला हरकत घेता येणार नाही. हे दुसरं वाक्य वाचून पोटात खड्डा पडत असेल तर आत्ताच थांबा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कोणत्याही प्रकल्पात शिरण्याआधी परवान्याचं पान वाचावं, हे तुमच्यासारख्या सगळ्यांनाच सांगते.

बदल्यात काय मिळेल? पैसे बहुधा नाहीत. बदलांच्या इतिहासात तुमचं नाव राहील, कुणालाही दाखवता येईल असं. तुम्ही लिहिलंय की कधी ना कधी नोकरी बदलून जीआयएसच्या क्षेत्रात जायचा विचार आहे. मग हे प्रमाणपत्रापेक्षा बोलकं ठरू शकतं, कारण समोरचा माणूस तुमचं पान उघडून वाचू शकतो. पण 'शकतं'च म्हणते. यातून नोकरी मिळेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. यजमानांना मात्र एक प्रश्न विचारा, रागावून नको: आक्षेप फुकट कामाला आहे की तुमच्या त्या एका तासाला? भाकऱ्यांची म्हण बऱ्याचदा संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार याबद्दल असते. तसं असेल तर तो वेगळा वाद आहे आणि तो क्यूजीआयएसच्या डोक्यावर फोडू नये.

पाच आठवडे उत्तर आलं नाही, हे तुमच्या मनाला लागलंय. लागणारच, मीही अशी वाट पाहिली आहे. पण तुम्ही पाठवलेला बदल मी पाहिला (दुवा दिलात ते बरं केलं). त्यात शुद्धलेखनाच्या अकरा दुरुस्त्या, दोन नवी चित्रं, एका प्रकरणाची नवी मांडणी आणि एक खरीखुरी चूक दाखवलेली, असं सगळं एकाच गाठोड्यात आहे. तुमच्याकडे एखाद्या मुलाने प्रयोगवही, निबंध आणि फीची पावती एकत्र टाचून दिली तर? तुम्ही म्हणाल, 'बाळा, वेगवेगळं करून दे.' त्या माणसाने तेच म्हटलं, फक्त 'बाळा' शिवाय. तो बहुधा नोकरी करून रात्री हे बघतो. शुद्धलेखन दोन मिनिटांत घेता येतं, मांडणीवर विचार करावा लागतो. एकत्र असलं की सगळंच अडून राहतं. ते एका ओळीचं उत्तर म्हणजे नकार नव्हता. 'कृपया' लिहिलंय, आणि पुन्हा पाठवायला सांगितलंय. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे बऱ्यापैकी आपुलकीचं समजतात.

नवख्या माणसाकडे, त्यातही भारतातून आलेल्या, थोडं साशंकपणे पाहिलं जाण्याचं एक कारण आपणही जाणून असावं. हॅक्टोबरफेस्ट नावाचा ऑक्टोबरातला एक उपक्रम आहे. त्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये त्या टी-शर्टपायी हजारो निरर्थक बदलांचा पूर आला. माहितीपानात एखादा कौतुकाचा शब्द घुसडायचा, की झाली पुल रिक्वेस्ट. त्यात आपल्याकडची मुलं पुष्कळ होती. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाची संमती असेल तिथलेच बदल धरायचे. तेव्हापासून अनोळखी खात्यावरून आलेला एखाद-दुसऱ्या शब्दाचा बदल पाहिला की काहींच्या कपाळावर आठी पडते. तुम्ही त्यातल्या नाही हे दाखवायचा सोपा मार्ग असा: सुरुवात शब्द बदलण्याने करू नका, अडचण सांगण्याने करा. खरी अडचण सांगणारा माणूस टी-शर्टसाठी आलेला नाही हे लगेच कळतं. आणि उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी एका ओळीची आठवण द्या. पाच आठवडे मनात झुरत बसू नका.

सहकाऱ्यांच्या एआयबद्दल थोडक्यात. मीही वापरते, वाक्य घासूनपुसून घ्यायला चांगलं आहे. पण त्याने ते सॉफ्टवेअर उघडून पाहिलेलं नसतं. जाळ्यावर जुन्या आवृत्त्यांबद्दलचा मजकूर ढिगाने पडून आहे. क्यूजीआयएसच्या दुसऱ्या मालिकेत थरावर उजवी टिचकी मारली की 'सेव्ह ॲज' मिळायचं, तिसऱ्या मालिकेत ते 'एक्स्पोर्ट'च्या आत गेलं. यंत्र बिनदिक्कत जुनी वाट सांगू शकतं, आणि शिकणारा पोरगा मेनू धुंडाळत बसतो. तेव्हा एआयकडून मसुदा घेतलात तरी एकेक पायरी स्वतः करून पाहिल्याशिवाय पाठवू नका. न तपासलेला मसुदा पाठवणं म्हणजे आपलं काम तपासणाऱ्याच्या गळ्यात घालणं.

राहिली मराठीची गोष्ट. सगळी पुस्तिका मराठीत आणायचा संकल्प सोडा. हेतू फार चांगला आहे, हिशेब चुकतो आहे. क्यूजीआयएसची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येत आली आहे. पुस्तिका शेकडो पानांची आहे. तुम्ही दहावं प्रकरण करताय तोवर पहिलं शिळं झालेलं असेल. अर्धवट आणि कालबाह्य भाषांतर वाचणाऱ्याला फसवतं, त्यापेक्षा नसलेलं परवडलं. मी तुमच्या जागी असते तर ती ईस्टर्न केपची छोटी पुस्तिका धरली असती: थर, प्रक्षेपण, सदोष नोंदी या मूळ कल्पना त्यात आहेत आणि त्या आवृत्तीगणिक बदलत नाहीत. आधी भाषांतराच्या यादीत मराठीवर कुणी काम करतंय का ते पाहा. असेल तर त्यालाच जाऊन मिळा.

इथे तुमच्याकडे दुसरी शिदोरी आहे. सॉफ्टवेअरचं मराठी करणारे बहुतेक लोक संगणकाकडून येतात. त्यांना 'प्रोजेक्शन' दिसलं की पडद्यावर चित्र पाडणं आठवतं. तुम्हाला नकाशा प्रक्षेपण, समोच्च रेषा, अक्षवृत्त, प्रमाण हे शब्द रोजच्या वापरातले आहेत, मुलांच्या पाठ्यपुस्तकात छापलेले आहेत. जिथे असा रुळलेला शब्द आहे तिथे तोच घ्या. जिथे नाही तिथे देवनागरीत इंग्रजी लिहायला लाजू नका. व्हेक्टर लेयरला (बिंदू, रेषा, क्षेत्रं यांच्या थराला) 'सदिश स्तर' केलंत तर मुलं भौतिकशास्त्राच्या तासाला जाऊन बसतील. वर्गात आपसूक काय बोललं जातं ते ऐका, तोच शब्दकोश.

मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल उपक्रमही पाहून ठेवा. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या छोट्या ध्वनिचित्रफिती, त्यांचे आवाज भारतीय भाषांत, मराठीतही. त्यांची संहिता दोन रकान्यांत लिहितात: एकीकडे पडद्यावर काय दिसतं, दुसरीकडे काय बोलायचं. पुस्तिका लिहिणाऱ्यांनाही ही सवय उपयोगी पडते. जिथे डावा रकाना रिकामा राहतो तिथे आपण नुसते शब्द बडबडतोय हे कळतं.

कामाची रीत सांगते, मग पत्र आवरतं घेते. एक वही करा, आणि जिथे अडाल तिथे त्याच क्षणी लिहा: काय करायचं होतं, काय केलं, काय दिसलं. उत्तर सापडल्यावर लिहायला बसलात तर अडणं विसरलेलं असतं. लिहिलेलं पान एका विद्यार्थ्याला द्या, शेजारी बसा, आणि हात पाठीमागे बांधून गप्प राहा. ही शेवटची गोष्ट शिक्षकांना फार जड जाते. तो जिथे थबकेल तिथे तुमचं पान चुकलेलं आहे, पोरगा नाही.

लिहिताना आपण कोणत्या प्रकारचं पान लिहितोय ते ठरवा. डॅनिएले प्रोचिदा यांनी डॉक्युमेंटेशनची चार प्रकारांत जी विभागणी केली आहे, ती या व्यवसायात बरीच मानली जाते. तुमच्या भाषेत सांगायचं तर, मुलांना हाताशी धरून नदीकाठी नेणारी क्षेत्रभेट हा एक प्रकार. वाट माहीत असलेल्याला 'अमुक फाट्यावरून डावीकडे' सांगणं हा दुसरा. नकाशासंग्रहाच्या मागची सूची हा तिसरा. आणि नदी वळणं का घेते ते सांगणारा धडा हा चौथा. क्षेत्रभेटीत मध्येच नदीच्या वळणांवर व्याख्यान सुरू केलं की मुलं भेळ खायला जातात. तुमच्या प्लगइनच्या पानाची नवी मांडणी अडली ती बहुधा याचमुळे, त्यात चारही होते.

वचन लहान द्या. 'मी पुस्तिका बघते' नको. 'जूनअखेरपर्यंत जिओपॅकेज आणि शेपफाइलच्या पानात देवनागरी रकान्यांची टीप' एवढं पुरे. बोर्डाच्या परीक्षा आणि पेपर तपासणीच्या महिन्यांत काहीच कबूल करू नका. थांबायचं झालं तर 'आता मला वेळ नाही' असं लिहून थांबा. गुपचूप गायब होणाऱ्यांपेक्षा असं सांगणाऱ्यांची तिथे जास्त कदर होते. आणि एक सावधगिरी, विशेषतः बायकांनी घ्यावी अशी: बदलाबरोबर तुमचं नाव आणि ईमेल कायमचं, सगळ्यांना दिसेल असं नोंदलं जातं. गिटहबच्या सेटिंगमध्ये खरा पत्ता झाकण्याची सोय आहे, ती पहिल्या बदलाआधी चालू करा. नंतर पुसता येत नाही.

हे सगळं क्यूजीआयएसपुरतं नाही, हे सांगायला नकोच. लिबरऑफिसमध्ये सोसायटीचे हिशेब ठेवणारे एक काका आणि वर्डप्रेसवर संस्थेचं संकेतस्थळ सांभाळणारी एक मुलगी, दोघांनी याच महिन्यात साधारण हेच विचारलं आहे. त्यांनी आपापल्या अडलेल्या जागा घालून हेच उत्तर वाचावं.

मॅडम, तुमची पहिली नोंद पत्रातल्या त्या कंसात तयार आहे. कंस काढा, 'माझंच काही चुकलं असेल' खोडा, रकान्याची तीन नावं देवनागरीत जशीच्या तशी ठेवा, साठवण्याआधीचं आणि नंतरचं असं एकेक चित्र जोडा. आणि क्यूजीआयएसची आवृत्ती कोणती ते लिहा. पत्रात तेवढं लिहायला विसरलात.